किल्ल्यावरची बाई, पाबळची मस्तानी आणि इनामगावची माती

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

वडगाव रासाई, मांडवगण फराटा, न्हावरा, तिकडे भीमेपलीकडची दौंडची गावं, सगळीकडे दिवाळीचे किल्ले आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. विटा रचल्या, पोतं टाकलं, चिखल लिंपला, मोहरी-अळीव पेरलं की झाला किल्ला, हे आमच्या वेळचं. आता पोरं नकाशा बघून तटबंदी मोजतात, थर्माकोल कापतात, फायबरच्या मूर्ती रंगवतात. काही जण मोबाईलवरून फाइल उतरवून पुण्याहून थ्रीडी प्रिंट काढून आणतात. खर्च स्वतःच्या खिशातून. मला या पोरांचं खरंच कौतुक आहे. मी इतिहास शिकवते, दोन-चार ठिकाणी परीक्षक म्हणूनही जाते, म्हणून हे सगळं जवळून बघायला मिळतं.

किल्ल्यावर आता बायकाही दिसायला लागल्यात, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल. पूर्वी एक गवळण असायची. आता ताराराणी असतात, येसूबाई असतात, क्वचित मस्तानी असते. चांगलंच आहे. पण त्या घडवल्यात कशा, हे एकदा जवळ जाऊन बघा.

एका स्पर्धेत (गाव सांगत नाही) घोड्यावरची ताराराणी होती. रंगकाम इतकं सुंदर की मी पाच मिनिटं तिथंच उभी. पण केस मोकळे सोडलेले, कंबर पिळलेली, चोळी घट्ट, छाती पुढे काढलेली, पाय रिकिबीत नाहीत आणि टाचा वर उचललेल्या. युद्धात आहे आणि बघतेय मात्र आपल्याकडे. माझ्यासोबत सहावीतली एक मुलगी होती. ती म्हणाली, "मॅडम, ही पडेल ना." मला जे अर्धा तास भाषण देऊन सांगता आलं नसतं ते तिनं तीन शब्दांत सांगितलं.

त्या टाचा वर का, ते पोरांशी बोलल्यावर कळलं. मूळ फाइल कुठल्यातरी परदेशी गेममधल्या लढवय्या बाईची. तिथल्या बाईला उंच टाचेचे बूट. बूट घासून काढले, कपाळावर चंद्रकोर लावली, नाकात नथ घातली आणि झाली ताराराणी. टाचा तशाच राहिल्या.

पोरांचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी त्या मूर्तीपुढे रोज उदबत्ती लावली होती. पण साचा दुसऱ्याचा घेतला की त्या साच्यात जे भरलेलं असतं तेही घरात येतं. म्हणून म्हटलं, बाईची मूर्ती घडवायचा आपला स्वतःचा इतिहास काय आहे, तो एकदा मांडावा.

आणि तो इतिहास सुरू होतो आपल्याच तालुक्यात. घोड नदीकाठचं इनामगाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढं साधारण पंधरा वर्षं तिथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी माणसं शिरूर तालुक्याच्या उन्हात माती चाळत होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव तिथं निघालं, घरं, चुली, धान्याच्या कणग्या, सगळं. त्यात एका घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची डबी सापडली. तिच्याबरोबर न भाजलेल्या, कच्च्या मातीच्या स्त्रीमूर्ती आणि एक बैल. एका मूर्तीला डोकंच नाही. तुटलेलं नाही बरं का, मुळात केलेलंच नाही. तिच्या पोटाशी भोक आणि बैलाच्या पाठीवर भोक. मधे काडी घातली की ती बैलावर बसते.

म्हणजे वाहनावर बसलेल्या बाईचं मॉडेल आपल्याकडे तीन हजार वर्षांपूर्वीच झालं होतं, सुटे भाग जोडून, पोरं आता करतात तसंच.

त्या मूर्तीच्या अंगावर कपडा दाखवलेला नाही. स्तन ठळक केलेत. आजच्या भाषेत ती उघडी आहे. पण तिच्याकडे बघून कुणाच्या मनात वाकडं येत नाही, कारण करणाऱ्याच्याही मनात ते नव्हतं. त्या घरातल्या माणसाला पोरंबाळं, धान्य, गुरं यांची काळजी होती आणि त्यानं मातीत ती काळजी घडवली. आता त्या स्पर्धेतली ताराराणी घ्या. गळ्यापासून पायापर्यंत कपड्यात आहे. तरीही तिला बघताना अवघडल्यासारखं होतं. म्हणून जे लोक म्हणतात "मॅडम, पदर नीट घ्यायला सांगा, झाला प्रश्न मिटला", त्यांना मी इनामगावची गोष्ट सांगते. कापडाच्या वारावर हे मोजता येत नाही.

आपल्या गावांच्या नावांतसुद्धा बाई आहे, हेही जाता जाता. वडगाव रासाई. तिकडे कान्हूर मेसाई. बहुतेक गावदेव्या म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा नाहीतर नुसता मुखवटा, मोठे डोळे. बाकी शरीर भक्तानं मनात समजून घ्यायचं.

किल्ल्यावरच्या गवळणीकडे येऊ. कुंभाराकडून मिळायची ती दोन भागांच्या साच्यातली, टिचभर उंचीची. डोक्यावर हंडा, एक हात हंड्याला, लुगड्याचा काष्टा मारलेला, डोळे म्हणजे काळे दोन ठिपके. कलाकुसर म्हणावी तर काहीच नाही. पण तिच्याकडे बघितलं की हंडा जड आहे हे कळायचं. ती कुठून तरी कुठंतरी निघालेली असायची. पोरं तिला पायवाटेवरच ठेवायची, कारण दुसरीकडे ती शोभायचीच नाही. हिरकणीची गोष्ट तर अख्खी याच गवळणीची. दूध विकायला रायगडावर गेलेली, दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरलेली. ती आख्यायिका आहे, कागदोपत्री पुरावा मागू नका. पण बघा, लोकांनी जी बाई शेकडो वर्षं लक्षात ठेवली तिच्या रूपाबद्दल गोष्टीत एक शब्द नाही. कडा किती उभा होता तेवढंच आहे.

याचा अर्थ सुंदर बाई घडवूच नये असा कुणी घेऊ नका. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ साली, ऐन उमेदीच्या वयात, 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प केलं. प्लास्टरमधलं, पुरुषभर उंचीचं. नऊवारी नेसलेली तरुण बाई पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघाली आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर लेख लिहिला, इतकं ते गाजलं. त्यातलं लुगडं अंगाला बिलगलेलं आहे, खालचं शरीर कळतं, बाई देखणी आहेच. पण ती चालली आहे. तिचं चित्त देवळाकडे आहे. बघणारा बाजूला उभा आहे आणि तिला त्याची खबरही नाही. थ्रीडी प्रिंट करणाऱ्या पोरांनी त्या शिल्पाचे फोटो शोधून नऊवारीच्या निऱ्या कशा पडतात ते जरूर बघावं. काष्टा मागं कुठं खोचला जातो, मांडीवर कापड कुठं ताणलं जातं, गुडघ्यामागं कुठं सैल पडतं. प्रिंटमधल्या नऊवाऱ्या मला बहुतेक वेळा रंगवलेल्या लेगिंग्जसारख्या वाटतात.

मग बिघडलं कुठं? थोडक्यात सांगायचं तर छापखाना आणि पडदा. रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि घराघरात रंगीत लक्ष्मी-सरस्वती पोचल्या. त्यात वाईट काही नव्हतं. पण त्यानंतर कॅलेंडरवाले आले, मग सिनेमाची पोस्टरं आली आणि हळूहळू देवीचा चेहरा त्या त्या वर्षीच्या नटीचा व्हायला लागला. नवरात्रातल्या मोठ्या मूर्ती आठवून बघा. महिषासुर मारतेय आणि भुवया पार्लरमधल्या.

पण हे सगळं सर्वात जास्त भोगलं असेल तर आपल्या पाबळच्या मस्तानीनं. पाबळ आपल्याच शिरूर तालुक्यातलं. तिथं तिची कबर आहे, कुणी समाधी म्हणतं, कुणी मजार म्हणतं. अगदी साधी जागा. इथून तासाभराचा रस्ता, आणि आपल्यातले किती जण जाऊन आलेत?

माहिती आहे ती एवढी. १७२९ मध्ये बाजीराव बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला गेले, महंमदखान बंगशाचा वेढा मोडला. त्यानंतर मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली. ती छत्रसालाची मुलगी, ही सर्वात जास्त मानली जाणारी हकीकत. बखरकारांनी तिला कलावंतीण म्हटलं. १७३४ मध्ये मुलगा झाला, तो समशेर बहादूर. पाबळ, केंदूर, लोणी ही गावं तिच्याकडे होती असं सांगतात. बाजीराव मोहिमेवर असताना पुण्यात घरच्यांनी तिला कैदेत ठेवलं. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला गेले आणि पाठोपाठ तीही गेली. तिचा मुलगा १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि जखमांनी मेला. नातू अलीबहादूर, त्याच्या वंशातून पुढं बांद्याचे नवाब.

आणि लोकांना माहिती काय? पान खाल्लं की गळ्यातून उतरताना दिसायचं म्हणे, इतकी गोरी! शाळेतल्या पोरापासून पेन्शनरपर्यंत सगळ्यांना हे एक पाठ आहे. दुसरं काय माहिती, तर पुण्यात आइस्क्रीम टाकलेलं दूध मिळतं त्याचं नाव मस्तानी. एका बाईच्या आयुष्यात सूड आहे, कैद आहे, धर्माचा वाद आहे, आईपासून तुटलेला मुलगा आहे, आणि आपण तिच्यातून काय उचललं? गळा आणि आइस्क्रीम.

२०१५ च्या डिसेंबरात 'बाजीराव मस्तानी' आला. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवरचा. त्या सिनेमात मस्तानी पहिल्यांदा येते ती चिलखत-शिरस्त्राण घालून, लढणारी म्हणून. पण त्या सिनेमानंतर जी मॉडेलं, बाहुल्या, चित्रं निघाली त्यात ती चिलखतातली मस्तानी मला एकदाही दिसली नाही. सगळ्या त्या आरसेमहालातल्या, सोनेरी घेर फिरवणाऱ्या. म्हणजे सिनेमावाल्यानं दोन्ही दिलं होतं. निवड आपण केली.

त्याच वेळी वाद झाला तो 'पिंगा' गाण्यावर. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात ते पेशव्यांच्या वंशजांना आणि इतर बऱ्याच जणांना खटकलं. अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, 'छावा'च्या ट्रेलरमधल्या संभाजी महाराज आणि येसूबाईंच्या लेझीमवर आक्षेप आला आणि दिग्दर्शकानं तो प्रसंग काढला. आक्षेप घेणाऱ्यांच्या भावना मी समजू शकते. पण दोन्ही वेळा वाद एकाच गोष्टीचा होता: घरंदाज राणीनं नाचायचं का. मस्तानीकडे कॅमेरा कसा बघतो, यावर कुणी मोर्चा काढला नाही. कलावंतीण म्हटलं की तिच्याकडे कसंही बघायची मुभा, असं आपण बखरीच्या काळापासून धरून चाललोय. मला हे पटत नाही. राणीला एक नजर आणि नाचणारीला दुसरी, असं असेल तर ती इभ्रत राणीचीही नाही, ती तिच्या नवऱ्याच्या घराण्याची.

दुसऱ्या टोकाचंही बोलायला हवं. नटीचा साचा नको म्हटलं की लगेच मातेचा साचा बाहेर येतो. अहिल्याबाई म्हणजे पांढरं लुगडं, हातात पिंड, मिटलेले डोळे. शेजारच्या जिल्ह्यातल्या चौंडीची ही मुलगी. १७६७ पासून १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षं राज्य चालवलं. हिशेब तपासले, न्यायनिवाडे केले, घाट-धर्मशाळा बांधून घेतल्या. तिच्या पुढ्यात कागद, दौत, समोर उभा असलेला घाबरलेला कारकून, असं मॉडेल कुणी करा ना! जिजाऊंचंही तेच. शिवनेरीवर बाळ शिवबाबरोबर त्या आहेत, पुण्यात लाल महालापाशी सोन्याच्या नांगराचं शिल्प आहे, दोन्ही ठिकाणी आई. बरोबरच आहे. पण महाराज आग्र्याला गेले तेव्हा मागं राज्याचा कारभार बघणाऱ्या जिजाऊ मी आजवर एकाही देखाव्यात पाहिलेल्या नाहीत.

आणि वय! जिजाऊंचा जन्म १५९८ चा. शिवराय जन्मले तेव्हा त्या बत्तिशीच्या, राज्याभिषेकाला शहात्तर वर्षांच्या. त्यानंतर काही दिवसांतच पाचाडला गेल्या. आपल्या राज्याभिषेकाच्या देखाव्यात त्या जेमतेम चाळिशीच्या दिसतात, महाराजांच्या थोरल्या बहिणीसारख्या. येसूबाई १६८९ मध्ये रायगड पडल्यावर मुघलांच्या कैदेत गेल्या, सुटल्या १७१९ मध्ये. तीस वर्षं! परत आलेल्या येसूबाईंचं मॉडेल कुणी केलंय का? ताराबाई १६७५ ते १७६१. शहाऐंशी वर्षं जगल्या, पानिपताची बातमी ऐकून गेल्या. आपल्याकडे त्या कायम पंचविशीच्या. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या हे खरं. तेव्हा औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये होता आणि ही विधवा पोरगी सात वर्षं त्याच्याशी लढली. खाफीखानासारख्या मुघलांच्या बाजूच्या इतिहासकारालाही तिच्या हुशारीचं कौतुक करावं लागलं. त्यानं कौतुक केलं ते तिच्या कारभाराचं आणि फौजेवरच्या पकडीचं.

पुरुषांच्या मूर्तीत आपण वय बरोबर दाखवतो. तानाजीच्या कपाळावर आठ्या असतात, बाजीप्रभूंच्या मिशा पांढऱ्या असतात. बाईच्या कपाळावर आठी आली की पोरं म्हणतात, मॅडम, मूर्ती बिघडली.

आता पोरं विचारतात, मग करायचं कसं? मी शिल्पकार नाही, पण बघून बघून काही गोष्टी कळल्यात. घोड्यावरच्या बाईचा भार मांड्यांत आणि रिकिबीत असतो, तो नीट दाखवला की कंबर पिळताच येत नाही. कोल्हापूरला कावळा नाक्यावरचा रवींद्र मेस्त्री यांनी केलेला ताराराणींचा पुतळा बघा. घोडा मागच्या दोन पायांवर उभा आणि बाई त्यावर पक्की बसलेली. नऊवारीचा काष्टा आहेच घोड्यावर मांड टाकता यावी असा. चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांचा सदरा, त्याच्या आत कापसाचा जाड अंगरखा. तो घातला की बाई आणि पुरुष साधारण सारखेच दिसतात. गेममधल्यासारख्या छातीवर दोन वाट्या ठोकल्या तर शत्रूची तलवार त्या दोन वाट्यांच्या मधल्या खोबणीत सरकून थेट बरगडीच्या मध्यावर येईल. असलं चिलखत घालून लढायला कोण जाईल? गेम बनवणाऱ्यांनाही हे हळूहळू उमगलंय. टूम्ब रेडरची लारा क्रॉफ्ट १९९६ मध्ये आली तेव्हा कशी होती आणि २०१३ च्या नव्या गेममध्ये कशी आहे, ते पोरांनी मला दाखवायची गरज नाही, त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. दुसऱ्या गेममधली लारा चिखलानं माखलेली, खरचटलेली आहे. तिकडची मूळ बाई बदलली, आपण मात्र तिचा जुना साचा उतरवून त्याला नथ लावतोय.

केस बांधा. नजर जिथं काम आहे तिथं ठेवा. पाय जमिनीवर किंवा रिकिबीत.

आणि दर वर्षी त्याच चार राण्या कशाला? तळेगावच्या उमाबाई दाभाडे आपल्याच जिल्ह्यातल्या. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव मारला गेला आणि सेनापतिपदाचा भार या बाईनं उचलला. त्यांचं एकही मॉडेल मी पाहिलेलं नाही. त्यांच्यावर सिनेमा नाही, त्यामुळे उतरवायला फाइलही नाही. ज्याला पहिल्यापासून घडवायचंय त्याला मोकळं रान आहे.

आमच्या इथल्या काही पोरांनी यंदा मस्तानी करायचं ठरवलंय. पाबळला जाऊन आली ती. पहिलं चित्र काढून आणलं त्यात ती घोड्यावर होती, मुलगा समशेर पुढ्यात बसलेला. मी म्हटलं, छान. मग त्यातलाच एक म्हणाला, मॅडम, कैदेतली करायची का? खिडकीपाशी बसलेली, बाजीरावांची खबर यायची वाट बघणारी. यावर दोन दिवस त्यांची भांडणं चाललीत. घोडा करणं अवघड आहे म्हणून काही जण कैदेच्या बाजूचे आहेत, हेही खरं! ठरलं की फोटो टाकते.

एक विनंती. कुणाच्या घरी माळ्यावर किल्ल्याच्या जुन्या गवळणीचा साचा किंवा फुटकी का होईना, जुनी मातीची गवळण असेल तर कळवा. आम्ही येऊन फक्त मापं घेऊ आणि फोटो काढू, वस्तू तुमच्याकडेच राहील. हंड्याखालचा हात नक्की कुठं यायचा, यावरून आमच्यात एकमत होत नाहीये.